विश्लेषण : सरपंचांचे डोंगल कोणाच्या खिशात? गावकारभाऱ्यांचे डिजिटल कौशल्य इतके महत्त्वाचे का?

जन्माचा दाखला, घराचा उतारा, सातबारा, पीक पाहणी, धान विक्रीची नोंदणी... गावातील जवळपास प्रत्येक सरकारी काम आता कुठल्या ना कुठल्या पोर्टलवरून होते. ग्रामपंचायतीच्या टेबलावर संगणक येऊन दीड दशक होत आले. मात्र तो चालवण्याचे ज्ञान बहुतेक गावांत एकाच व्यक्तीपुरते, म्हणजे तुटपुंज्या मानधनावरील संगणक परिचालकापुरते राहिले आहे. सही सरपंचांची, जबाबदारी ग्रामसेवकाची आणि प्रत्यक्ष काम तिसऱ्याच्या हातून, अशी ही रचना आहे. ती का तयार झाली, त्यात धोका कोणता आणि गावकारभाऱ्यांना नेमके काय शिकवायला हवे, याविषयी...

कोंढ्यातील एका कुटुंबाला किती पोर्टल लागतात?

पवनी तालुक्यातील कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील गाव. शेजारच्या कोसऱ्यामुळे ते ‘कोंढा-कोसरा’ या जोडनावानेही ओळखले जाते. समजा, येथील एका धान उत्पादक कुटुंबात यंदा नातवंडाचा जन्म झाला आहे, जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले आहे आणि घरातील थोरल्यांच्या निधनानंतर शेतीवर वारस नोंद करायची आहे. तिन्ही कामे साधीच, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

बाळाच्या जन्माची नोंद केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीत, म्हणजे ‘सीआरएस’ पोर्टलवर होते. घरासाठी लागणारा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीच्या अभिलेखातून मिळतो. वारस नोंदीचा अर्ज महसूल विभागाच्या ‘ई-हक्क’ प्रणालीतून तलाठ्याकडे जातो आणि फेरफार मंडळ अधिकाऱ्यांच्या मंजुरीनंतर सातबारावर चढतो. शिवाय शेतकऱ्याला ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक लागतो. रोवणी आटोपली की बांधीत उभे राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी करावी लागते. ही नोंद नसेल तर आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नोंदणी करताना अडचण येते. राज्य सरकारने २०२४-२५ च्या खरिपातील नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली होती. दोन हेक्टरच्या शेतकऱ्यासाठी हा ४० हजारांचा प्रश्न. एक नोंद चुकली तर नुकसान किती होऊ शकते, याचा अंदाज यावरून येतो.

आता जन्मनोंदीचेच पाहा. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जेथे जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, आईवडिलांच्या गावी नव्हे. बाळ भंडाऱ्याच्या रुग्णालयात जन्मले असेल तर त्याची नोंद कोंढा ग्रामपंचायतीत सापडणार नाही. ही गोष्ट टेबलामागच्या माणसाला ठाऊक असेल तर तो दोन मिनिटांत योग्य पत्ता सांगतो. ठाऊक नसेल तर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर मिळते. रोवणीच्या दिवसांत अशा एका फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते.

ग्रामपंचायती ‘ऑनलाइन’ कशा झाल्या?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. केंद्राच्या ई-पंचायत प्रकल्पाअंतर्गत राज्यात २०११ मध्ये ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा उपक्रम सुरू झाला. ग्रामपंचायतींना संगणक मिळाले आणि ते चालवण्यासाठी परिचालक नेमले गेले. ऑगस्ट २०१६ मधील शासन निर्णयानंतर त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या रचनेने घेतली.

त्याआधी २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा लागू झाला होता. त्यामुळे अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. ग्रामपंचायत पातळीवर जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदीचे दाखले, नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला आणि निराधार असल्याचा दाखला या सेवा या चौकटीत आल्या.

पुढचा मोठा बदल २४ एप्रिल २०२० रोजी झाला. राष्ट्रीय पंचायतराज दिनी केंद्राने ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टल सुरू केले. गावाचा विकास आराखडा, कामांची प्रगती, जमाखर्च आणि देयके यांची नोंद या एकाच ठिकाणी होऊ लागली. त्याच दिवशी गावठाणातील मिळकतींचे ड्रोनद्वारे मोजमाप करणारी ‘स्वामित्व’ योजनाही जाहीर झाली. महसूल विभागात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली.

२०२४ मध्ये पदांची नावेही बदलली. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे मिळून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आणि तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावे आहेत. नाव बदलले तरी टेबलावरचे काम मात्र कमी झालेले नाही. ग्रामपंचायतीच्या लेखासंहितेनुसार नमुना १ ते ३३ अशी ३३ प्रकारची दप्तरे ठेवावी लागतात. त्यात आता प्रत्येक योजनेच्या स्वतंत्र पोर्टलची भर पडली आहे.

मग हे काम प्रत्यक्षात कोण करते?

बहुतेक गावांत संगणक परिचालक. दाखले काढणे, आराखडा भरणे, व्हाउचर तयार करणे, लाभार्थ्यांच्या याद्या चढवणे, वरून आलेली ‘आजच माहिती पाठवा’ ही मागणी पूर्ण करणे, हे सगळे त्यांच्याकडे असते. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असेल तर तो रोज प्रत्येक गावात बसू शकत नाही. अशा वेळी परिचालक हाच ग्रामपंचायतीचा चेहरा होतो.

गंमत अशी की ज्याच्यावर एवढा भार आहे तो ग्रामपंचायतीचा कर्मचारीच नाही. ‘आपले सरकार’च्या रचनेत ग्रामपंचायतींनी प्रत्येक केंद्रामागे दरमहा १२ हजार ३३१ रुपये, तेही वस्तू व सेवा करासह, कंपनीकडे भरायचे ठरले. प्रत्यक्ष परिचालकाच्या हाती पडणारे मानधन त्याहून बरेच कमी, सुरुवातीची अनेक वर्षे सहा-सात हजारांच्या घरात राहिले. ते वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी, मानधनवाढीची आणि ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात सामावून घेण्याची मागणी यांसाठी परिचालकांनी अनेकदा काम बंद ठेवले, मुंबईत आंदोलने केली.

असे काम बंद झाले की या रचनेतील उणीव उघडी पडते. परिचालक संपावर गेला की दाखले थांबतात, आराखडे रखडतात, देयके अडकतात. कारण पासवर्ड त्यालाच माहीत असतो आणि कुठल्या पोर्टलवर काय भरायचे, हेही त्यालाच ठाऊक असते. एखाद्या कार्यालयाचे सगळे ज्ञान एका कंत्राटी माणसाच्या डोक्यात असणे, ही त्या माणसाची चूक नाही. ती कार्यालयाची कमजोरी आहे.

‘डोंगल’ म्हणजे काय आणि ते इतके मोलाचे का?

ग्रामपंचायतीच्या बोलीत ज्याला ‘डोंगल’ म्हणतात ते पेनड्राइव्हसारखे दिसणारे छोटे उपकरण असते. त्यात सरपंच किंवा ग्रामसेवकाच्या डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘डीएससी’, साठवलेले असते. संगणकाला ते जोडून पिन टाकला की कागदावर केलेल्या सहीइतकीच वैध सही होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला ही मान्यता दिली आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचा, २०२१ ते २०२६ या काळासाठीचा निधी खर्च करण्याचा मार्ग याच डोंगलमधून जातो. महाराष्ट्रात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या वाट्यातील ८० टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी आहे. त्यातील ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, तर ४० टक्के अबंधित. गावाने आराखडा ई-ग्रामस्वराजवर चढवायचा, कामाचे व्हाउचर तयार करायचे, दुसऱ्याने ते तपासायचे आणि मग डिजिटल सह्यांनी रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जायची. संगणकशास्त्रात याला ‘करणारा आणि तपासणारा’ यांची विभागणी म्हणतात. बँकेत मोठ्या रकमेचा व्यवहार एकाच कर्मचाऱ्याला पूर्ण करता येत नाही, त्यामागचे तत्त्व हेच.

हे तत्त्व टिकण्यासाठी एकच अट आहे. दोन सह्या खरोखरच दोन माणसांनी केल्या पाहिजेत. सरपंचांचे आणि ग्रामसेवकाचे डोंगल एकाच खणात असेल आणि दोन्हींचे पिन एकाच कागदावर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवलेले असतील, तर तपासणी उरतच नाही. पोर्टलला मात्र सगळे नियमानुसार झाल्याचे दिसते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ याबाबत स्पष्ट आहे. ज्याच्या नावावर स्वाक्षरी आहे त्याने तिची खासगी कळ स्वतःच्या ताब्यात राहील, याची वाजवी काळजी घ्यायची असते आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे समजताच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचे असते. म्हणजे ‘मला काही ठाऊक नव्हते, ऑपरेटरने केले’ असे म्हणून सरपंचांची सहज सुटका होत नाही.

सरपंचांच्या नावावर दुसऱ्याचा कारभार?

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतराज संस्थांत महिलांसाठी ५० टक्के आरक्षण आहे. अनेक महिला सरपंच जोमाने काम करतात. त्याचबरोबर ‘सरपंचपती’ हा शब्दही गावोगावी रुळलेला आहे. कागदी कारभारात निदान धनादेशावर सही करण्यासाठी सरपंचबाईंसमोर कागद न्यावा लागत असे. डोंगल पतीच्या किंवा एखाद्या ठेकेदाराच्या खिशात गेले की तेवढीही गरज उरत नाही.

म्हणून महिला सरपंचांना स्वतः पोर्टल उघडता येणे, आपल्या नावाने कोणती देयके निघाली ते पाहता येणे आणि पिन बदलता येणे, हा केवळ संगणक साक्षरतेचा मुद्दा नाही. निवडून आल्यावर मिळालेली सत्ता प्रत्यक्षात कोण वापरते, याचा तो मुद्दा आहे.

लॉगिन भलत्याच्या हाती पडल्यास काय होते?

याचे धक्कादायक उदाहरण २०२५ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात समोर आले. सुमारे दीड हजार लोकसंख्येच्या एका ग्रामपंचायतीच्या सीआरएस आयडीवरून अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे आढळले. प्रकरणी गुन्हा दाखल झाला आणि तपास सुरू झाला. दोष कोणाचा, हे तपासातून ठरेल. मात्र गावातील एका आयडीची किंमत किती असते, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, आधार अशा अनेक ठिकाणी जन्माचा दाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. म्हणजे ग्रामपंचायतीतील निबंधक एका क्लिकवर एखाद्याच्या ओळखीचा पाया घालतो. त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्याने फोनवर कोणाला सांगितला, तर काय होऊ शकते, याची कल्पना त्याला असायलाच हवी.

प्रशिक्षण होत नाही का?

होते. केंद्राचे राष्ट्रीय ग्रामस्वराज अभियान २०१८ मध्ये मंजूर झाले. त्याची सुधारित आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये मंजूर झाली, तेव्हा २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ५,९११ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. नवनिर्वाचित प्रतिनिधींना सहा महिन्यांत पायाभूत आणि दोन वर्षांच्या आत उजळणी प्रशिक्षण मिळावे, असे त्यामागचे धोरण आहे. राज्यात पुण्याची ‘यशदा’ ही या प्रशिक्षणाची शिखर संस्था. तेथून प्रशिक्षक तयार होतात आणि जिल्हा, तालुका पातळीवर वर्ग घेतले जातात. अधिकाऱ्यांसाठी ‘मिशन कर्मयोगी’अंतर्गत ‘आयगॉट’ हे ऑनलाइन व्यासपीठही आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण पद्धतीची. पंचायत समितीच्या सभागृहात शंभर जण खुर्च्यांवर बसतात, समोर पडद्यावर एक जण पोर्टल दाखवतो, दुपारी जेवण होते आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मिळते. सायकल चालवण्यावरचे भाषण ऐकून सायकल येत नाही, तसेच हे आहे. स्वतःच्या लॉगिनने, स्वतःच्या गावाच्या माहितीवर एखादे काम पूर्ण केल्याशिवाय ते हातात बसत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. शासकीय सेवेसाठी एमएस-सीआयटी किंवा तत्सम प्रमाणपत्र लागते. त्यातून टंकलेखन, तक्ते, ई-मेल यांची ओळख होते. मात्र डिजिटल स्वाक्षरी कशी सांभाळायची, नाकारलेला अर्ज कारणासह परत कसा करायचा, चुकीचे व्हाउचर कसे ओळखायचे, याची परीक्षा कोणी घेत नाही. किती जणांना प्रशिक्षण दिले हे मोजले जाते, त्यानंतर किती जण स्वतः काम करू लागले हे क्वचितच.

तिसरी अडचण वेळेची. पोर्टल बदलत राहते, नवे ॲप येते, बदली होते, निवडणुकीनंतर सरपंच बदलतात. नव्या सरपंचांचे डीएससी काढून पोर्टलवर नोंदवेपर्यंत देयके अडून राहतात. एकदाच झालेला वर्ग अशा वेळी पुरत नाही.

आधीच्या प्रयोगांतून काय दिसले?

मेळघाटातील हरिसाल हे २०१६ मध्ये देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झाले. वायफाय, टेलिमेडिसिन, डिजिटल वर्ग अशा सुविधांचा गाजावाजा झाला. तीन वर्षांनी, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात त्याच गावातील सुविधा प्रत्यक्षात किती चालतात, यावरून आरोप-प्रत्यारोप रंगले. राजकारण बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतोच. उद्घाटनानंतर यंत्रणा रोज कोण चालवणार?

२०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन वारंवार बिघडतात, क्षमता अपुरी आहे आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वर्षानुवर्षे रजिस्टर चोख लिहिणाऱ्या सेविकांना ‘डिजिटल येत नाही’ असे म्हणणे सोपे होते. खरे तर साधनच त्यांच्या भाषेत बोलत नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील. शिरपूर तालुक्यातील रोहिणी या आदिवासीबहुल गावाच्या ग्रामपंचायतीला सप्टेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथील राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स परिषदेत सुवर्ण पुरस्कार मिळाला. तळागाळातील सेवांसाठीचा हा स्वतंत्र गट होता आणि त्यात देशभरातील दीड लाखाच्या आसपास ग्रामपंचायतींच्या प्रवेशिका आल्या होत्या. कागदविरहित ई-कार्यालय आणि १,०२७ ऑनलाइन सेवा ही रोहिणीची अधिकृत ओळख सांगितली जाते. त्याच जोडीला प्रत्येक घरातील डिजिटल साक्षरतेचाही उल्लेख होतो, आणि तो अधिक बोलका आहे. सेवा देणारा आणि घेणारा दोघेही शिकले तरच पोर्टलचा उपयोग होतो.

नागपूरजवळच्या सातनवरीत २४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘स्मार्ट इंटेलिजंट’ गावाचा प्रकल्प सुरू झाला. शेतीसाठी सेन्सर, ड्रोन, टेलिमेडिसिन अशा सुविधा तेथे आणल्या आहेत. हरिसालचा अनुभव पाहता या प्रकल्पाची खरी परीक्षा काही वर्षांनी, देखभालीच्या वेळी होईल.

नेमके काय शिकवायला हवे?

ग्रामसेवकाने किंवा सरपंचांनी संगणक अभियंता व्हावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. टंकलेखन परिचालकाने केले तरी बिघडत नाही. पण काही गोष्टी दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत.

पहिली, स्वाक्षरी आणि ओटीपीचा ताबा. डोंगल कुठे आहे, त्याची मुदत कधी संपते, पिन कोणाला माहीत आहे, पद सोडताना ते रद्द कसे करायचे, हे प्रत्येकाला यायला हवे. दुसरी, सही करण्यापूर्वी वाचणे. व्हाउचरवरील रक्कम, पुरवठादाराचे नाव, कामाचा आराखड्यातील क्रमांक आणि मोजमाप पुस्तिका जुळते का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

तिसरी, अर्जाचा प्रवास समजणे. कोणता अर्ज ग्रामपंचायतीचा, कोणता महसूलचा, कोणता कृषी विभागाचा, हे सांगता आले की गावकऱ्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. चौथी, नाही म्हणण्याची पद्धत. दाखला देता येत नसेल तर कारण लिहून अर्ज परत करणे कायद्याने आवश्यक आहे. तोंडी ‘होत नाही’ म्हणणे पुरेसे नाही.

पाचवी, माहितीची गुप्तता. लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांक आणि बँक खात्यासह गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते, ती चांगल्या हेतूनेच. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अशा सवयी आता मोडाव्या लागतील.

हे शिकवण्याची जागाही ग्रामपंचायत कार्यालय हीच असावी. तालुक्यातील एखादा जाणकार ग्रामसेवक किंवा अनुभवी परिचालक महिन्यातून एक दिवस गावात येऊन त्या गावाच्या अडकलेल्या अर्जांवरच सराव घेऊ शकतो. त्यासाठी नवे सभागृह लागत नाही. परिचालकांना या कामाचा मोबदला आणि मान मात्र द्यावा लागेल.

सगळा दोष कौशल्यावर टाकता येईल का?

नाही. भारतनेट आणि महानेटच्या माध्यमातून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम झाले, पण वाहिनी पोहोचणे आणि ती रोज सुरू असणे यात फरक आहे. पावसाळ्यात वीज गेली, वाहिनी तुटली तर कितीही प्रशिक्षित अधिकारी हतबल असतो. सर्व्हर खरोखरच बंद असतात. एकाच कुटुंबाची माहिती पाच विभागांच्या पाच पोर्टलवर पुन्हा पुन्हा भरावी लागते, हा कौशल्याचा नव्हे, आखणीचा दोष आहे. रिक्त पदे आणि एकाकडे अनेक गावे हा प्रश्नही प्रशिक्षणाने सुटणारा नाही.

तरीही दोन्ही गोष्टींत एक नाते आहे. ज्या अधिकाऱ्याला प्रणाली कळते तोच ‘सर्व्हर डाऊन’ आणि ‘आपली चूक’ यांतला फरक ओळखतो, तक्रार नेमकी नोंदवतो आणि बदलाची मागणी करू शकतो.

गावकऱ्यांच्या हातात काय आहे?

अधिसूचित सेवेसाठी अर्ज केल्यावर पोच मागणे ही पहिली पायरी. पोचवर अर्जाचा क्रमांक आणि सेवा मिळण्याची मुदत असायला हवी. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज कारणाशिवाय फेटाळला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. ग्रामपंचायतीच्या सेवांसाठी ते पंचायत समितीच्या स्तरावर होते. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज तसेच ‘मेरी पंचायत’ ॲपवर कोणालाही पाहता येतो. ग्रामसभेपूर्वी गावातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाने किंवा मुलीने तो मोबाइलवर उघडून वाचला, तरी प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढेल.

पुढे काय?

केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साधन आणले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण दिले की ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषा त्याला समजतात. राज्य सरकारनेही व्हॉट्सॲपवरून सेवा देण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मेटा’शी करार केला. १७ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात सुशासनाला गुण आहेत.

साधने जितकी सोपी होतील तितकी तपासणीची गरज वाढेल. ग्रामसभेत झाडीबोलीत कोणी काही बोलले आणि यंत्राने त्याचा भलताच अर्थ लावला, तर ती चूक कोण पकडणार? इतिवृत्तावर सही करणाऱ्यालाच ती पकडावी लागेल. कोंढ्यासारख्या गावात पुढच्या वेळी प्रशिक्षण झाले की हजेरीपटावरील सह्या मोजल्या जातीलच. त्यासोबत आणखी एक साधी पाहणी करायला हरकत नाही. महिन्याभराने ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे, सरपंचांचे डोंगल कोणाकडे आहे? उत्तर ‘सरपंचांकडे’ असेल आणि कालच्या व्हाउचरमध्ये काय होते, हे त्या स्वतः सांगू शकत असतील, तर प्रशिक्षण झाले असे म्हणता येईल.